स्टार फुटबॉलपटूच्या कराराची मुदतवाढ : बोलणी कशी करावी, नागपूरच्या घरांसाठी पायरीपायरीने

कामठी आणि मोतीबागेच्या मैदानांवर वाढलेला मुलगा बाहेरच्या व्यावसायिक क्लबकडून खेळायला लागतो, तेव्हा पहिला करार घरात कोणी फारसा वाचत नाही. पेढे वाटले जातात, सही होते, मुलगा बॅग भरून निघतो. पहिल्या वेळी ते चालून जातं, कारण त्याला खेळायला मिळणं हेच मोठं असतं. मात्र दोन हंगाम गाजवल्यावर तोच मुलगा संघाचा आधार होतो आणि क्लबचा निरोप येतो, ‘करार वाढवायचं बोलू या.’ घरी मामा, काका, जुने प्रशिक्षक सगळे बसतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: महिन्याला किती देणार?

माझा धाकटा भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. त्याच्या मुदतवाढीची बोलणी घरातर्फे मी केली. त्यातून मला एक गोष्ट ठाम कळली. पगाराच्या आकड्यावर घासाघीस होतेच, पण खेळाडूच्या हातात बळ येतं किंवा जातं ते करारातल्या तारखांमुळे. म्हणून हा लेख तारखांपासून सुरू करतो.

१. जुना करार काढा, कॅलेंडर समोर ठेवा

सगळ्यात आधी करार संपण्याची तारीख बघा. ती ३१ मे असेल, तर सहा महिने मागे जाऊन १ डिसेंबरवर खूण करा. फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपला असेल किंवा सहा महिन्यांच्या आत संपणार असेल, तरच खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. मुदत संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला ट्रान्सफर फी (खेळाडू सोडण्याबद्दल नव्या क्लबकडून मिळणारी रक्कम) मागता येत नाही, ही मोकळीक युरोपात १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने आली. ज्याँ-मार्क बोस्मान हा बेल्जियमचा एक साधा खेळाडू क्लबविरुद्ध लढला, म्हणून आज नागपुरातल्या मुलालाही ‘फ्री’ जाता येतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. करारात दीड वर्ष शिल्लक असताना क्लब तुम्हाला विकू शकतो, म्हणून तो निवांत असतो. खूण केलेला दिवस जवळ येतो तसतशी त्याची घाई वाढते, कारण त्यानंतर त्याच्या हाती एक रुपयाही न येता खेळाडू जाऊ शकतो. तुमची बाजू त्याच काळात सर्वांत भक्कम असते. दुसऱ्या बाजूने, याच काळात गुडघा दुखावला तर ते बळ एका दिवसात जातं. किती थांबायचं हे खेळाडूचं वय आणि त्याच्या दुखापतींचा इतिहास बघून ठरवा. चोविशीतला धडधाकट मुलगा थांबू शकतो. एकतिशीतल्या, आधी शस्त्रक्रिया झालेल्या बचावपटूला मी थांबायला सांगणार नाही.

दुसरी तारीख असते ऑप्शनची. ‘क्लबला आणखी एक वर्ष वाढवण्याचा अधिकार राहील’ असं एखादं वाक्य करारात असतं, आणि तो अधिकार कोणत्या तारखेपर्यंत वापरायचा तेही तिथेच असतं. ते सापडेपर्यंत करार खाली ठेवू नका. अनेक घरांना वाटतं की करार यंदा संपतोय, आणि प्रत्यक्षात क्लब एका पत्राने तो वाढवू शकत असतो.

तारीख चुकली तर काय होतं ते मेस्सीच्या बाबतीत जगाने पाहिलं. २०२० मध्ये त्याच्या करारात हंगामाअखेर मोकळं होण्याचं कलम होतं. कोविडमुळे हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला आणि त्याने २५ ऑगस्टला क्लबला कळवलं. बार्सिलोनाने सांगितलं, मुदत १० जूनलाच संपली. शेवटी तो राहिला. त्याच्यामागे वकिलांची फौज होती, तरीही ‘हंगामाअखेर’ आणि ‘१० जून’ यांतल्या फरकाने त्याला अडकवलं.

२. ही कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा

– चालू करार, सगळ्या जोडपत्रांसह आणि नंतरच्या पुरवणी करारांसह
– एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सेंट्रल रजिस्ट्रेशन सिस्टममधल्या नोंदणीची प्रत
– पगार जमा झाल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट, पूर्ण करारकाळाचं
– फॉर्म १६ किंवा १६ए, आणि २६एएस (कर कापल्याच्या नोंदी)
– एजंटशी केलेला करार
– एमआरआय, शस्त्रक्रिया, फिजिओचे अहवाल
– पॅन, आधार, पासपोर्ट
– क्लबशी झालेले ईमेल आणि महत्त्वाचे व्हॉट्सअॅप संदेश, तारखेसह

वैद्यकीय अहवालांवर जोर देतो. खेळाडूची सगळी फाइल क्लबच्या डॉक्टरकडे असते आणि घरी काहीच नसतं, हे बरोबर नाही. अहवालांच्या प्रती लेखी मागा. सुट्टीत मुलगा घरी आला की धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या चांगल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. ‘तुझा घोटा आता पूर्वीसारखा नाही’ असं म्हणून समोरचा आकडा खाली आणायला लागला, तर तुमच्याकडे तुमचा कागद असतो.

३. एजंट : घ्यायचा का, आणि कोणत्या अटीवर

मोठ्या खेळाडूसाठी घ्यावा. घरच्यांना बाजारभाव माहीत नसतो, आणि प्रेमाच्या माणसाला कठोर बोलता येत नाही. पण आधी तीन गोष्टी तपासा. एजंटकडे फिफाचा परवाना हवा. त्याच्याशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असू शकतो, आणि तो आपोआप वाढेल असं कलम चालत नाही. तिसरं, तो याच व्यवहारात क्लबकडूनही पैसे घेणार आहे का, हे त्याला लेखी विचारा.

फीबद्दल गोंधळ आहे. फिफाने २०२३ च्या नियमांत फीला कमाल मर्यादा घातली होती, पण युरोपातल्या न्यायालयीन वादांमुळे त्या वर्षाच्या शेवटी ती अंमलबजावणी स्थगित झाली. ‘नियमाप्रमाणे घेईन’ या शब्दावर म्हणूनच राहू नका. टक्केवारी, ती कोणत्या रकमेवर आणि कोण देणार, हे आकड्यात लिहून घ्या. बोनसवरही टक्केवारी लागणार का, तेही विचारा. आपल्याकडचा नेहमीचा सापळा म्हणजे गल्लीतला ओळखीचा ‘भाऊ’, जो ‘मी बोलतो साहेबांशी’ म्हणून मध्ये शिरतो आणि सहीच्या दिवशी वाटा मागतो. त्याचा राग येईल ही भीती बाळगू नका, पहिल्याच दिवशी नम्रपणे नाही म्हणा.

४. आपली किंमत आकड्यांत मांडा

किती मिनिटं खेळला, कितव्या मिनिटाला बदलला गेला, गोल आणि असिस्ट (गोलसाठी दिलेले पास), बचावपटू असेल तर जिंकलेले हेडर आणि टॅकल. हे सोफास्कोर, फॉटमॉब अशा ठिकाणी फुकट मिळतं. आपल्या जागेवर खेळणाऱ्या लीगमधल्या पाच-सहा जणांशी तुलना करून एक पानाचा तक्ता बनवा. जास्त नको, समोरचा वाचत नाही.

भारतीय खेळाडूच्या बाजूने आणखी एक मुद्दा असतो. परदेशी खेळाडूंची संख्या नियमाने मर्यादित असल्यामुळे चांगला भारतीय स्ट्रायकर किंवा सेंटर बॅक सहज मिळत नाही. तो गेला तर तसाच आणायला क्लबला ट्रान्सफर फी, साइनिंग फी (सहीबद्दल खेळाडूला द्यायची रक्कम) आणि रुळायला अर्धा हंगाम मोजावा लागतो. तुमचा मुलगा किती चांगला हे क्लबला माहीत असतं. तो गेल्यावर काय खर्च पडेल, ते त्यांच्या समोर मांडा.

५. कोण बोलणार

घरातर्फे एकच माणूस. वडील एक सांगतात, एजंट दुसरं आणि मुलगा ड्रेसिंग रूममध्ये तिसरं, असं झालं की समोरच्याला फट मिळते. पहिल्या बैठकांना खेळाडूला बसवू नका. ‘तुझी पाठ आता लवकर धरते’ असं स्वतःबद्दल ऐकून दुसऱ्या दिवशी सरावाला जाणं कुणालाही जड जाईल.

प्रत्येक बैठकीनंतर त्याच रात्री ईमेल करा: ‘आज ठरल्याप्रमाणे अमुक रक्कम, अमुक मुदत, काही वेगळं असल्यास कळवावे.’ प्रशिक्षक प्रेमाने म्हणतील, ‘तू माझ्या योजनेत आहेस.’ ते खरंच असेल, पण प्रशिक्षक डिसेंबरमध्ये बदलू शकतो. तोंडी शब्दाचं काय होतं ते फ्रान्सचा स्टार एम्बाप्पे आणि त्याचा तेव्हाचा क्लब पीएसजी यांच्या वादात दिसलं. क्लबचं म्हणणं, त्याने २०२३ च्या ऑगस्टमध्ये काही रक्कम सोडायचं कबूल केलं होतं. त्याने ते नाकारलं. साडेपाच कोटी युरोंचा तो वाद न्यायालयात गेला.

६. कलमं : इथे वेळ घालवा

मुदत. फिफाच्या नियमाने करार कमाल पाच वर्षांचा, आणि अठराखालच्या मुलाचा कमाल तीन. अठराखालच्या मुलाचा करार भारतीय कायद्याने पालकाशिवाय होतच नाही. लांब करार म्हणजे सुरक्षितता असं घरी वाटतं. पण बावीस वर्षांच्या, दरवर्षी सुधारणाऱ्या मुलाला पाच वर्षं एका पगारात बांधणं म्हणजे त्याची सगळी वाढ क्लबच्या नावावर करणं. दोन किंवा तीन वर्षं मागा. पुढची बोलणी तो भरात असतानाच यावी.

ऑप्शन. क्लबला ‘दोन अधिक एक’ (दोन वर्षं पक्की, तिसरं ऑप्शनचं) आवडतं, आणि तो ‘एक’ फक्त आपल्या हातात ठेवायला आवडतं. मुलगा चमकला तर क्लब वाढवतो, नाही चमकला तर सोडतो, म्हणजे जोखीम सगळी मुलाची. पहिली मागणी अशी करा की ऑप्शन दोघांच्या संमतीने किंवा खेळाडूच्या हाती असावा. एम्बाप्पेने २०२२ मध्ये पीएसजीशी तसंच केलं होतं. तिसरं वर्ष घ्यायचं की नाही हे त्याच्या हाती होतं. त्याने ते घेतलं नाही आणि २०२४ मध्ये तो ट्रान्सफर फीशिवाय रेआल माद्रिदला गेला.

क्लब अडून बसलाच, तर एकतर्फी ऑप्शनला निदान अटी घाला. वाढलेल्या वर्षाचा पगार आजच आकड्यात लिहिलेला आणि आधीपेक्षा ठळक जास्त हवा. कळवण्याची तारीख करार संपण्याच्या बरीच आधीची हवी, आणि सहा महिन्यांच्या खिडकीच्या आत ती सरकू देऊ नका, नाहीतर मुलगा कोणाशी बोलूच शकत नाही. एकतर्फी ऑप्शनकडे स्वित्झर्लंडमधलं आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद संशयाने बघतं. उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबने बुएनो आणि रोद्रिगेझ या दोघांना अशाच कलमाने धरून ठेवलं होतं, ते या लवादाने मान्य केलं नाही. तरी लवादापर्यंत जायला लागणारे पैसे आणि महिने आपल्या घराला परवडत नाहीत, म्हणून कागदच नीट करून घ्या.

रिलीज क्लॉज. ठरलेली रक्कम कोणी भरली की क्लबने खेळाडूला सोडायचं. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो भरले गेले ते याच मार्गाने. स्पेनमध्ये हे कायद्याच्या चौकटीत आहे. आपल्याकडे दोघांनी लिहिलं तरच असतं, आणि लिहिताना रकमेशिवाय बरंच सांगावं लागतं. ते परदेशी क्लबलाच लागू की देशातल्या प्रतिस्पर्ध्यालाही? वर्षभर की फक्त ट्रान्सफर विंडोत (क्लब बदलण्याच्या ठरलेल्या काळात)? रक्कम एकरकमी की हप्त्यांत? हे नसेल तर आकडा शोभेचा राहतो. आणि तो आकडा वास्तवातला ठेवा. पगार वाढवून देताना क्लब रिलीज क्लॉज इतका उंच करतो की तो कधी कोणी भरणारच नाही.

इथे नागपूरच्या क्लबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. मुदत शिल्लक असताना परदेशी क्लबने ट्रान्सफर फी देऊन खेळाडू नेला, तर फिफाच्या नियमाने त्या फीतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ मध्ये घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. १२ ते १५ या चार हंगामांचा वाटा फीच्या १ टक्का होतो, म्हणजे १ कोटीच्या व्यवहारात १ लाख. कामठीतल्या एखाद्या क्लबचे वर्षभराचे बॉल आणि बूट त्यात येतील. त्यासाठी मुलगा लहानपणी जिल्हा संघटनेमार्फत रीतसर नोंदलेला असायला हवा. लहान क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाने ती नोंदणी दरवर्षी करावी, ही कळकळीची विनंती.

पैशाची विभागणी. मूळ मानधन किती आणि बोनस किती, हे वेगळं करा. ‘एकूण ७० लाखांपर्यंत’ या वाक्यातल्या ‘पर्यंत’वर बोट ठेवा. गोलचे, क्लीन शीटचे (संघाने एकही गोल न खाल्ल्याचे), राष्ट्रीय संघनिवडीचे बोनस मिळाले तर आनंद, पण घराचा हप्ता मूळ मानधनावरच बसवा. साइनिंग फी मागितली तर ती कोणत्या तारखेला, हेही लिहा. ‘पगार ९० दिवस उशिरा झाला तरी चालेल’ अशा सवलतीचं कलम फिफा मानत नाही. ते काढून टाकायला सांगा.

लीग झालीच नाही तर? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम अनिश्चित काळासाठी थांबला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. लीग न झाल्यास काय, हे सांगणारं कलम आता भारतात प्रत्येक करारात नीट वाचलं पाहिजे. हंगाम पुढे ढकलला, छोटा झाला किंवा रद्द झाला, तर पगाराचं काय, आणि किती दिवसांनी खेळाडू मोकळा होईल? ‘अपरिहार्य परिस्थिती’ या शब्दांत क्लबची आर्थिक अडचण किंवा लीगचे व्यावसायिक वाद येणार नाहीत, असं स्पष्ट लिहून घ्या.

दुखापतीत उपचार, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणि पुनर्वसनाचा खर्च कोणाचा, आणि त्या काळात पूर्ण पगार राहील का, हे दोन ओळींत हवं. लोनवर (काही काळ दुसऱ्या क्लबकडे उसना) पाठवायचं तर खेळाडूच्या लेखी संमतीने. इमेज राइट्समध्ये (नाव आणि चेहरा जाहिरातीत वापरण्याच्या हक्कांत) मुलाच्या स्वतःच्या बुटांची जाहिरात त्याला करता येईल एवढी जागा ठेवा.

७. दुसऱ्या क्लबचा फोन आला तर

येणारच. नियम असा की नवा क्लब बोलणी सुरू करण्याआधी सध्याच्या क्लबला लेखी कळवतो. ‘आधी आपलं ठरवू, मग सांगू’ म्हणणाऱ्याला तेवढंच सांगा: पत्र पाठवा. करार संपायला सहा महिने उरण्याआधी कुठल्याही कागदावर सही नको, ‘प्राथमिक संमतिपत्र’ नावाच्या कागदावर तर मुळीच नको.

अनवर अलीचं प्रकरण प्रत्येक पालकाने वाचावं. २०२४ मध्ये तो मोहन बागानचा लोन करार सोडून ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबरमध्ये एआयएफएफच्या प्लेयर स्टेटस समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि त्याने, ईस्ट बंगालने व त्याचा मूळ क्लब दिल्ली एफसीने मिळून १२.९० कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात तो आदेश टिकला नाही आणि फेरसुनावणीला गेला. खेळाडूचं नाव मात्र सगळा वेळ टांगणीला लागलेलं होतं.

मुदतवाढीशी याचा थेट संबंध आहे. अठ्ठाविशीच्या आत केलेल्या कराराची पहिली तीन वर्षं ‘संरक्षित काळ’ असतात, आणि त्यात करार मोडला तर खेळण्यावर बंदी येऊ शकते. मुदत वाढवली की हा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सहीनंतर मन बदललं तर सुटका अवघड, हे मुलाला आधी समजावा.

नाही म्हणायचं ठरलं, तर क्लब त्याला संघाबाहेर बसवू शकतो, याची तयारी ठेवा. एम्बाप्पेलाही २०२३ च्या उन्हाळी दौऱ्यातून वगळलं होतं. अशा वेळी सराव एकही चुकवू नये, समाजमाध्यमांवर काही लिहू नये, आणि पत्रकारांना घरच्यांपैकी कोणी काही सांगू नये. प्रेक्षक खेळाडूवर रागावतात ते अशाच बातम्यांनी.

८. कर

सही करण्याआधी सीएकडे जा. रक्कम पगार म्हणून देणार की व्यावसायिक मानधन म्हणून, यावर टीडीएस बदलतो. मानधन असेल आणि वर्षाची कमाई २० लाखांच्या वर असेल, तर जीएसटी नोंदणी लागते आणि १८ टक्के आकारावे लागतात. ते क्लब वरून देणार की त्याच रकमेत धरणार, हे लिहिलं नाही तर ६० लाखांचे सुमारे ५१ लाख होतात. शिवाय, करारातली रक्कम कर कापण्याआधीची की हातात येणारी, हा शब्द हवाच.

९. सही

अंतिम प्रत सहीच्या निदान दोन दिवस आधी मागा आणि खेळाडूंचे करार पाहणाऱ्या वकिलाला दाखवा. सिव्हिल लाइन्समध्ये वकील खूप आहेत, पण खेळाचे करार पाहणारा शोधावा लागतो. नाही मिळाला, तर श्रमकायद्याचा अनुभव असलेला वकील आणि फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडियाचा सल्ला असं मिळून चालतं. ‘फोटोग्राफर आलाय, जर्सी तयार आहे, लवकर करा’ या घाईला बळी पडू नका. ‘वैद्यकीय चाचणी पास झाल्यासच करार लागू’ असं कलम फिफा चालू देत नाही. चाचणी सहीआधी होऊ द्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, पूर्ण झालेली एक मूळ प्रत तुमच्याकडे, आणि आठवड्याभरात सेंट्रल रजिस्ट्रेशन सिस्टममध्ये तीच मुदत आणि तोच करार चढला का, ते बघा.

१०. पैसे थकले तर

एक पगार थकला की फोन नको, ईमेल करा, रकमेसह आणि देय तारखेसह. दोन महिन्यांचे पगार थकले, तर फिफाच्या नियमाने खेळाडूला करार संपवण्याचं योग्य कारण मिळतं, पण त्याआधी क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. ती न देता मुलगा सराव सोडून घरी आला, तर करार त्याने मोडला असं ठरू शकतं. नोटिशीत थकलेले महिने, प्रत्येकाची देय तारीख, एकूण रक्कम, बँक खातं आणि १५ दिवसांनंतरची तारीख लिहा, बँक स्टेटमेंट जोडा, आणि करारात दिलेल्या क्लबच्या ईमेलवर व रजिस्टर्ड पोस्टाने अशी दोन्हीकडून पाठवा. पोस्टाची पावती फाइलमध्ये लावा. दिलेली तारीख उलटेपर्यंत मुलाने रोज वेळेवर सरावाला जायचं.